तालुक्याच्या गावी मुलांसाठी कोडिंगचा वर्ग सुरू करायचा असेल तर

पहिल्याच पालकसभेत तुम्हाला कोणता प्रश्न येणार, ते आत्ताच सांगून ठेवते. ‘मॅडम, हे त्या जाहिरातीतलं कोडिंग का?’ विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी आशा असते, थोडा संशय. दोन्हींचं मूळ एकच. २०१८ साली मुंबईत व्हाइटहॅट ज्युनिअर ही मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी कंपनी निघाली, ऑगस्ट २०२० मध्ये बायजूसने ती ३० कोटी डॉलरला विकत घेतली. लॉकडाउनच्या त्या वर्षात मोबाइल उघडला की मूल सहा-सात वर्षांचं झालं तरी कोडिंग नाही म्हणजे मागे पडलं, असंच ऐकू यायचं. भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या आणि काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०२४ मध्ये खुद्द बायजूसवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तुमच्या वर्गात येणारे पालक हे सगळं पाहून आलेले असतात. त्यांना पुन्हा भीती घालून प्रवेश मिळवता येतील, पण ते टिकत नाहीत आणि टिकूही नयेत.

मी बार्शीत मुलांचा कोडिंगचा वर्ग चालवते. ज्यांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं, मोठ्या शहरात जायचं नाही किंवा जाऊन परत आलोय, आणि आपल्याच गावात मराठीतून मुलांना शिकवणारी संस्था उभी करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझी पहिली तुकडी १८ मुलांची होती आणि शिकवणारी मी एकटी. महिनाभराने आम्ही पालकांना बोलावलं. चौथीतल्या एका मुलाने मांजर उंदरामागे पळतंय असा खेळ दाखवला. आई कौतुकाने म्हणाली, ‘छान आहे रे, उंदीर जरा हळू पळव की.’ एक आकडा बदलायचा होता, दहाचा चार. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला तो आकडा कुठे आहे हे माहीतच नव्हतं, कारण महिनाभर तो अडला की मी वाकून माउस हातात घेत होते. खेळ त्याचा नव्हता, माझा होता.

त्या दिवशी एक नियम केला, तो अजून मोडलेला नाही. शिकवणाऱ्याने मुलाच्या माउसला आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम पाळायचा ठरवला की तुकडी किती मोठी, माणसं किती, फी किती, जागा कशी, या सगळ्यांची उत्तरं बदलतात.

सहा शनिवार, काहीही नोंदणी न करता

नाव, लोगो, कंपनी, वेबसाइट यांतलं काहीही करण्याआधी सहा शनिवार आठ मुलांना फुकट शिकवा. शेजारची, नात्यातली, गल्लीतली, कशीही चालतील, फक्त सगळी हुशार म्हणून निवडलेली नकोत. दोन लॅपटॉप असले तरी भागतं, कारण पहिले दोन शनिवार संगणक उघडायचाच नाही.

पहिल्या शनिवारी एका मुलाला ‘यंत्र’ करा. बाकीच्यांनी त्याला खोलीच्या कोपऱ्यातून दारापर्यंत न्यायचं, पण सूचना तीनच: एक पाऊल पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. मुलं ‘दाराकडे जा’ म्हणतात, यंत्र जागचं हलत नाही. ‘पुढे जा’ म्हणतात, ते भिंतीला धडकतं. दहा मिनिटांत मुलं मोजून सूचना द्यायला लागतात. न्यूझीलंडच्या कॅंटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी आणि सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याच्या अशा कितीतरी कृती रचल्या आहेत आणि त्या मोफत मिळतात. आपल्याकडे २०१६ पासून एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सीएसपाठशाला हा उपक्रम शाळांसाठी याच दिशेने काम करतो. त्यांचं साहित्य आधी वाचा, पुष्कळ कष्ट वाचतील.

दुसऱ्या शनिवारी ठिपक्यांची रांगोळी घ्या. वहीवर ठिपके काढून एकाने रांगोळी काढायची आणि दुसऱ्याला न दाखवता, फक्त बोलून, तीच काढून घ्यायची. ‘हीच पाकळी आणखी तीनदा, दर वेळी कागद फिरवून’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं, काय असतं हे त्या मुलाने तुम्हाला सांगितलेलं असतं, तुम्ही फक्त नाव द्यायचं.

तिसऱ्यापासून संगणक. या सहा आठवड्यांत दोनच गोष्टी टिपून ठेवा. न बोलावता पुढच्या शनिवारी किती मुलं आली, आणि किती मुलांनी आपली चूक आपण शोधली. सहाव्या शनिवारी आठातली किमान पाच येत नसतील तर शिकवण्याची पद्धत बदला. त्या आधी पैसे घालू नका.

काय शिकवायचं

तिसरीच्या खालच्या मुलांना सुरुवातीला घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. लहानांसाठी २०१४ पासून चित्रांच्या ठोकळ्यांचं स्क्रॅचज्युनिअर आहे आणि ते चांगलंही आहे, पण पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग सांभाळणं हे बालवाडीचं कसब आहे, ते वेगळं शिकावं लागतं.

चौथी ते सहावी ठोकळ्यांचं स्क्रॅच, सातवी ते नववी पायथन ही टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा, ही विभागणी आमच्याकडे जमली. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि ते पूर्ण मोफत आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत जायचं, टाइप करायचं फार नाही, त्यामुळे स्पेलिंग चुकलं म्हणून रडू येत नाही. इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन सगळ्या मशीनवर टाकून ठेवा. लिहिलेलं बोलून दाखवणारा आणि भाषांतर करणारा असे मोजके ठोकळे सोडले, तर बाकी सगळं नेटशिवाय होतं. वीज आणि नेट एकाच वेळी गेलेल्या दिवशी हे आठवेल.

स्क्रॅच शिकवताना आपल्या मुलांची एक खरी अडचण येते. पडद्याचा मध्य म्हणजे शून्य. डावीकडे वजा २४०, उजवीकडे २४०, खाली वजा १८०, वर १८०. पूर्णांक संख्या आपल्या पाठ्यपुस्तकात सहावीत येतात, आणि चौथीतलं मूल ‘वजा शंभर’ बघून थबकतं. त्याला गणिताचा धडा देऊ नका. बार्शीतल्या मुलांना मी विहीर सांगते. काठ म्हणजे शून्य, पायऱ्या उतरलं की वजा एक, वजा दोन, झाडावर चढलं की एक, दोन. पाच मिनिटं पुरतात. मग आलेख कागदावर मांजराची जागा काढून आणायचा गृहपाठ द्यायचा. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांचं गृहपाठात काही अडत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. फोनवर स्क्रॅच उघडता येतं, पण बोटाने ठोकळे ओढताना मुलं वैतागतात, म्हणून फोनवरचा गृहपाठ मी देतच नाही.

दुसरी अडचण म्हणजे कोन. पेनचे, म्हणजे पडद्यावर रेघ काढणारे, ठोकळे सुरुवातीला दिसत नाहीत, खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणावरून जोडून घ्यावे लागतात. ते जोडले की मुलांना त्रिकोण काढायला सांगा. सगळी मुलं तीन वेळा ‘पुढे जा, ६० अंश वळ’ असं लिहितात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे त्यांनी ऐकलेलं असतं. पडद्यावर त्रिकोण होत नाही, अर्धा षटकोन होतो. हा वर्गातला सर्वांत मोलाचा क्षण आहे, तो घाईने वाया घालवू नका. मुलांना उठवा, जमिनीवर खडूने त्रिकोण काढा आणि त्यावरून चालायला लावा. कोपऱ्यावर आपण आतल्या कोनाएवढे वळत नाही, बाहेरच्या कोनाएवढे वळतो, म्हणजे १२०. तीन कोपरे मिळून ३६०, एक पूर्ण गिरकी. मग चौकोन, पंचकोन, अष्टकोन मुलं स्वतः काढतात, आणि एखादी मुलगी चौकोन ४५ अंशांनी फिरवत आठ वेळा काढून रांगोळी करते. १९६७ मध्ये सीमोर पेपर्ट, वॉली फॉयरझिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली. पुढे तिच्यात सूचनेप्रमाणे चालत रेघ काढणारं जे कासव आलं, ते याचसाठी: मुलाने स्वतः चालून बघावं आणि मग यंत्राला सांगावं. पायथनमध्येही टर्टल नावाने तेच कासव आहे, त्यामुळे सातवीत गेल्यावर ओळखीच्या दारातून आत जाता येतं.

पायथनसाठी एस्टोनियाच्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं थॉनी हे कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे, हलकं आहे आणि एकेक ओळ चालवून कोणत्या नावात काय साठवलंय ते बाजूला दाखवतं. फार थोड्या शिक्षकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे पायथनमध्ये नावं देवनागरीत देता येतात. ‘गुण = गुण + १’ ही ओळ, फक्त अंक तेवढा इंग्रजी लिहिला, की जशीच्या तशी चालते. मराठी माध्यमाच्या मुलाने हे पहिल्यांदा चालताना पाहिलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढे इंग्रजी नावांकडे जायचंच आहे, पण पहिला महिना अर्थ समजण्यावर जाऊ दे.

शब्दांबाबत एकच सांगणं. लूप, इफ, व्हेरिएबल हे शब्द आहेत तसेच वापरा, त्यांना जड मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. समजावताना मात्र घरातली मराठी वापरा. व्हेरिएबलला आम्ही मिसळणाच्या डब्यातली वाटी म्हणतो. वाटीला नाव आहे, आत काय आहे ते बदलतं, आणि नवीन घातलं की जुनं राहत नाही. मोहरी आणि जिरं जसं एका वाटीत ठेवत नाही, तसंच अंक आणि शब्द वेगळे. म्हणूनच पायथनला ५ आणि ३ विचारून घेतले आणि बेरीज केली तर ५३ येतात, कारण कीबोर्डवरून आलेलं त्याने शब्द म्हणून ठेवलेलं असतं. ही चूक प्रत्येक मुलाला एकदा करू द्या.

दोन तासांचा वर्ग आम्ही असा लावतो: पहिली दहा मिनिटं मागच्या वेळचं मुलांनी सांगायचं, पुढची पंधरा मिनिटं मी एकच नवी गोष्ट दाखवायची, मग तासभर मुलांनी करायचं, दहा मिनिटं खाऊ आणि हालचाल, शेवटी दोन-तीन मुलांनी आपलं काम सर्वांसमोर दाखवायचं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलले तर मुलं मला थांबवतात, तो अधिकार त्यांना दिलेला आहे.

‘आता एआय कोड लिहितं, मग शिकायचं कशाला?’ हा प्रश्नही येतोच. टाळू नका. कॅल्क्युलेटर आला तरी पाढे का, यापेक्षा प्रामाणिक उत्तर द्या: यंत्राने दिलेलं बरोबर आहे का, नसेल तर कुठे चुकलं, हे ओळखायला शिकवतो. तसंच चॅटजीपीटीच्या अटींनुसार वय किमान १३ लागतं आणि १८ च्या आत पालकांची परवानगी लागते, हे पालकांना सांगा. आमच्याकडे आठवीच्या आधी वर्गात एआय नाही.

शिकवणारी माणसं

सर्वांत जास्त वेळ इथे घाला. गावात बीसीएस, बीसीए, डिप्लोमा केलेल्या मुली असतात, शिक्षण होऊन घरी बसलेल्या सुना असतात, डीएड झालेले पण नोकरी न लागलेले तरुण असतात. कोडिंग किती येतं हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. स्क्रॅच महिनाभरात शिकवता येतं, गप्प बसणं शिकवायला फार वेळ लागतो.

मुलाखत अशी घ्या. एका मुलाला मुद्दाम बिघडवलेला खेळ द्या आणि उमेदवाराला दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसवा. बोलणं ऐकू नका, हात बघा. दुसऱ्या मिनिटाला हात माउसकडे गेला तर थांबवा, समजावा आणि आठवड्याने पुन्हा बोलवा. पुन्हा गेला तर नको.

हात न लावता मदत कशी करायची, यासाठी आम्ही तीन प्रश्न भिंतीवर लिहून ठेवले आहेत. तुला काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? कुठल्या ठोकळ्यापर्यंत बरोबर चाललं होतं? निम्म्या वेळा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मुलाला चूक सापडते. उरलेल्या वेळी शेजारच्या मुलाला विचारायला लावायचं, पण माउस ज्याचा त्याच्याच हातात.

असं शिकवायचं तर एकेका मुलापाशी वेळ जातो. म्हणून दहा मुलं आणि मोठी माणसं दोन, यावर आम्ही स्थिरावलो. मोठी माणसं दोन असण्याचं आणखी गंभीर कारण आहे. कोणतंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत असू नये. दाराला काच हवी किंवा दार उघडं, स्वच्छतागृह वर्गाजवळ आणि मुलींसाठी वेगळं, आणि कामावर घेताना प्रत्येकाची पोलीस पडताळणी, मग तो तुमचा चुलतभाऊ का असेना. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलाबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. हे सगळ्या शिक्षकांना पहिल्या दिवशी वाचून दाखवा आणि १०९८ हा बालमदत क्रमांक मुलांना दिसेल असा लावा.

पहिल्या महिन्यात दोन मुलांत एक मशीन देतो, कंजुषी म्हणून नव्हे तर बोलता बोलता विचार करायची सवय लागावी म्हणून. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सांगायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. जोडीत मुलगा-मुलगी असतील तर घड्याळ लावाच. घड्याळ नसलं की माउस मुलाकडे राहतो आणि मुलगी बघत बसते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता अदलाबदलीची घंटा वाजली नाही तर मुलीच आठवण करून देतात.

जागा आणि मशीन

नवी लॅब उभी करू नका. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ नंतर एमएस-सीआयटीची केंद्रं गावोगाव नेली, शिवाय संगणक टंकलेखनाच्या संस्था आहेत. त्यांच्याकडे मशीन, टेबलं, इन्व्हर्टर सगळं असतं आणि रविवार सकाळ बहुधा रिकामी असते. तासाच्या भाड्याने बोला, करार साध्या कागदावर का होईना पण लेखी करा, आणि परीक्षेच्या काळात जागा मिळेल की नाही हे त्यातच लिहून घ्या. आमचा एक अख्खा मार्च महिना टंकलेखनाच्या सरावात गेला होता, कारण हे बोलायचं राहून गेलं.

स्वतःची मशीन घ्यायची वेळ आली तर वापरलेले ऑफिसचे लॅपटॉप पुरेसे आहेत. चार जीबी रॅम चालते, पण जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलेली हवी. टचपॅडवर मुलांना ठोकळे ओढता येत नाहीत, म्हणून प्रत्येकी माउस, आणि दोन जास्तीचे. रोबोटिक्सचे किट पहिल्या वर्षी घेऊ नका. प्रदर्शनात छान दिसतात, पण सुटे भाग हरवतात आणि वेळ जोडणीत जातो.

तुमच्या तालुक्यात अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकायची प्रयोगशाळा, असलेली शाळा आहे का, तेही पाहा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून निवडलेल्या शाळांना यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान दिलं. लॅब आहे पण शिकवायला माणूस नाही, अशा शाळेत मुख्याध्यापकांना भेटून काही महिने विनामोबदला काम करा. तुम्हाला शाळा कळते आणि शाळेला तुम्ही.

पैशांचा हिशेब

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घालून पुन्हा मांडा. शनिवार-रविवार मिळून चार तुकड्या, प्रत्येकी दहा मुलं, आठवड्यातून एकदा दोन तास, महिना फी ९०० रुपये. पूर्ण भरली तर ३६,००० जमा. महिन्याला १६ वर्ग म्हणजे ३२ तास, तासाला १५० प्रमाणे जागेचे ४,८००. दर वर्गाला दोन शिक्षक, प्रत्येकी ४००, म्हणजे १२,८००. छपाई, खाऊ, नेट यांचे २,०००, हिशेबनीस आणि किरकोळ १,५००. एकूण खर्च २१,१००, हाती १४,९००. पण तुकड्या पूर्ण भरत नाहीत. ४० ऐवजी ३२ मुलं धरा, जमा २८,८०० आणि हाती ७,७००. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून नोकरी लगेच सोडू नका.

वाढ दोन ठिकाणांहून येते. एक, मे महिन्याची सुट्टी, जेव्हा रोज वर्ग घेता येतात. दोन, खासगी शाळांमध्ये आठवड्यातून एक तास, शाळेच्या फीतूनच. शाळेचं काम स्थिर असतं, पण पैसे उशिरा येतात, तेव्हा तीन महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय दुसरी शाळा घेऊ नका. तुकडी दहावरून वीस करून पैसे वाढवण्याचा मोह होईल. तसं केलं की शिक्षकांचे हात माउसकडे जायला लागतात.

फी महिन्याची किंवा तिमाहीची घ्या. वर्षाची एकरकमी घेऊ नका आणि पालकांना कर्जावर फी भरायला तर कधीच सांगू नका. मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे दहा दिवसांत परत द्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग केंद्रांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. त्या सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांबद्दल आहेत आणि त्यात १६ वर्षांखालच्यांना प्रवेश देऊ नये असंही म्हटलं आहे. क्रीडा, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम व्याख्येतून वगळले आहेत. तुमचा वर्ग परीक्षेची शिकवणी नाही हे माहितीपत्रकात, अभ्यासक्रमात आणि प्रत्यक्षात स्पष्ट असू द्या, आणि ५० चा आकडा गाठण्याआधी वकिलाशी बोलून घ्या.

नोंदणी

सुरुवातीला एकल मालकी पुरते. पॅन, बँकेत चालू खातं, गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंद) आणि उद्यम (लघुउद्योगांची) नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते, पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि अशा वर्गांना दर १८ टक्के आहे. शाळेला मिळणारी सूट आपल्याला नाही.

भागीदार आला, गुंतवणूक घ्यायची ठरली किंवा स्टार्टअप इंडियाची मान्यता हवी असली तर एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेडकडे जा, एकल मालकीला ती मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये उलाढाल शून्य असली तरी दर वर्षी लेखापरीक्षण करावं लागतं, हे आधी सीएकडून समजून घ्या.

मुलांच्या माहितीबाबत सैल राहू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि चूक झाली तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. साधा उपाय म्हणजे कमी माहिती घेणे. नाव, इयत्ता, पालकांचा फोन, काही आजार असेल तर तो. आधार क्रमांक कशालाच लागत नाही. फोटोची संमती वेगळ्या कागदावर घ्या, आणि संमती नसलेलं मूल चुकूनही व्हॉट्सॲपच्या गटात जाता कामा नये. स्क्रॅचवर शिक्षक खातं काढलं की मुलांची खाती ईमेलशिवाय काढता येतात. खात्याला खरं नाव द्यायचं नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

पालकांना काय दाखवायचं

नोकरीचं, पॅकेजचं, ‘उद्याचा शास्त्रज्ञ’ वगैरेचं एकही वाक्य माहितीपत्रकात घालू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचे उपक्रम आहेत, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

खरं काम महिनाअखेरचं प्रदर्शन करतं. प्रमाणपत्र देत नाही आम्ही. मूल आपला खेळ दाखवतं, आणि मग पालकांनी त्यात एक बदल सांगायचा. उंदीर हळू पळव, गुण दुप्पट कर, मांजराऐवजी बैल घाल. मूल तो बदल सर्वांसमोर करतं. कधी जमतं, कधी नाही. जमलं नाही तर ‘पुढच्या आठवड्यात करून दाखवतो’ म्हणतं, आणि दाखवतं. शेतकरी बाप असो की बँकेतली आई, कोडमधलं काही न कळताही त्यांना कळतं की हे आपल्या मुलाचं आहे. आमचे बहुतेक नवे प्रवेश या प्रदर्शनाला आलेल्या शेजाऱ्यांचे असतात. जाहिरातीवर मी दोन वर्षं खर्च केला, तो आता बंद आहे.

प्रवेशाचे महिने तीन: जून, दिवाळीनंतरचा आठवडा आणि एप्रिलअखेर. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांची परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते. डिसेंबर-जानेवारीत ती मुलं गळतात, त्यांना ओढून धरू नका, जागा राखून ठेवा आणि त्या महिन्यांची फी घेऊ नका. स्पर्धेची आवड असलेल्यांना बेब्रास द्यायला सांगा. ही २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली विचारकोड्यांची स्पर्धा आहे, भारतात ती सीएसपाठशालामार्फत होते आणि तिला आधी कोडिंग यावं लागत नाही.

दुसरं केंद्र

वर्षभर चार तुकड्या नीट चालल्या की कुणीतरी म्हणेल, ‘आमच्या गावात पण काढा.’ लगेच हो म्हणू नका. आधी एक महिना स्वतःच्याच वर्गात जाऊ नका. एका शिक्षिकेकडे सगळं सोपवा, किल्ली, हजेरी, फी, पालकांचे फोन. महिनाअखेरच्या प्रदर्शनाला मात्र पालकांसारखं मागच्या रांगेत जाऊन बसा. कुणीतरी आई बदल सांगेल, मूल अडेल, खोलीत शांतता होईल. त्या वेळी मुलाकडे बघू नका, शिक्षिकेच्या हातांकडे बघा. ते पाठीमागे असतील तर दुसऱ्या जागेचा करार करायला हरकत नाही.